परवानगी आधी की तपासणी नंतर

प्रश्न सत्तरी तालुक्यातल्या एका तरुण पंचांचा आहे. त्या लिहितात: "मी पहिल्यांदाच निवडून आले. वाड्यावरचे साधे गटार दुरुस्त करायचे तरी कागद गटविकास कार्यालयात जातो, तिथून पणजीला. अधिकार मागितले की ऐकवतात, खाली पैसा सोडला की गळतो. परदेशी मदत देणाऱ्या मोठ्या संस्थासुद्धा निर्णय मुख्यालयातच ठेवतात. हे खरे आहे का? खरे असेल तर आम्ही कोणत्या तोंडाने अधिकार मागायचे?"

पैसा खाली गळतो हे खरे आहे. मदत देणाऱ्या संस्था सगळे निर्णय मुख्यालयात ठेवतात, हे मात्र खरे नाही. आणि ज्यांनी ते वर ओढून घेतले त्यांचे पुढे काय झाले हे पाहिले, तर तुमची मागणी अधिकच सबळ होते. मी आधी गोव्यात सरकारी लेखा शाखेत होतो. नंतर परदेशी निधीवर चालणाऱ्या पाण्याच्या कामांचे हिशेब नेपाळात आणि पूर्व आफ्रिकेत सांभाळले. कोणाची सही किती रकमेपर्यंत चालते, हे बघणे हेच दोन्हीकडे माझे काम. म्हणून उत्तर थोडे लांबेल.

सुरुवात आपल्या दारातून करतो. मांडवीकाठच्या एका गावात खाजनाच्या मानशीची फळी कुजली होती. सत्तरीत खाजन नसल्यामुळे सांगतो: भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात आणि त्यात लाकडी दार बसवतात, ती मानस. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दार मिटते, ओहोटीला आपोआप उघडून शेतातले पाणी बाहेर सोडते. फळी कुजल्याचे फेब्रुवारीत लक्षात आले. लाकूड आणि सुतार मिळून काही हजारांचे काम. पैसे खात्यात पडून होते, पण खर्चाला वरची मान्यता हवी होती. ती येईपर्यंत पाऊस सुरू झाला, पुनवेच्या मोठ्या भरतीत दाराजवळचा बांधच फुटला, आणि हजारांचे काम लाखांवर जाऊन निविदेचे झाले. पुढे ती फाईल माझ्या टेबलावर आली तेव्हा मी शेरे मोजले. अकरा होते. 'नको' असे एकानेही लिहिलेले नव्हते. प्रत्येकाने 'मान्यतेस्तव सादर' एवढेच लिहून ती वर ढकलली होती. त्या अकरा जणांत बांध पाहिलेला एकही नव्हता. नाकारले कोणी नाही, ठरवलेही कोणी नाही. हे मी आजवर विसरलेलो नाही.

भरती दिवसातून दोनदा येते, ती कोणाच्या मान्यतेसाठी थांबत नाही. जुन्या गावकारीला, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी आणि बांध सांभाळणाऱ्या गावकारांच्या मंडळाला, हे माहीत होते. बांधाला भगदाड पडले की हाक जायची आणि माणसे चिखल-पेंढा घेऊन धावायची. विचारायला कोणाकडे जायचे नसे. मानशीतल्या मासळीच्या लिलावाचे पैसे बांधाच्या डागडुजीला लागत. म्हणजे उत्पन्न, खर्चाचा हक्क आणि बांध फुटला तर जाब, तिन्ही एकाच ठिकाणी. पोर्तुगीजांनीसुद्धा हे मोडले नाही. अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये गावकऱ्यांचे रिवाज फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतले, ते ही घडी बसलेली होती म्हणूनच. पुढे कोमुनिदादींवर, म्हणजे पोर्तुगीज नावाच्या याच गावकाऱ्यांवर, सरकारी देखरेख वाढत गेली. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्यायाचेच झाले. पण ती तीन सूत्रे सुटी झाली. मानशीचा लिलाव घेणारा मासळी जास्त मिळावी म्हणून दारे भलत्या वेळी उघडी ठेवू लागला. बांध दुरुस्त करणारा वेगळा, दुरुस्तीचे पैसे मंजूर करणारा तिसराच.

गावकारीचे मी गोडवे गात नाही. तिथे हक्क वारशाने पुरुष गावकारांनाच मिळे. बायका नव्हत्या, बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले नव्हते, शेत कसणाऱ्यांपैकी कितीतरी जण नव्हते. अधिकार खाली असला म्हणजे तो न्यायाने वापरला जातो असे नाही, हे आपल्याच इतिहासात लिहून ठेवलेले आहे. पंचायत ही तिच्याहून चांगली संस्था आहे, कारण तुम्ही तिथे निवडून बसला आहात.

आता परदेशी मदतीचे. तुम्हाला ज्यांनी मुख्यालयाचा दाखला दिला, त्यांनी जागतिक बँकेच्या खरेदीचे नियम एकदा तरी वाचायला हवे होते. तिथे प्रत्येक कंत्राट वॉशिंग्टनला जात नाही. कामाची जोखीम पाहून रकमेची मर्यादा ठरते. मर्यादेवरच्या कंत्राटाला सही होण्याआधी बँकेची संमती लागते. मर्यादेखालचे कंत्राट ज्याचा प्रकल्प आहे तो देश स्वतः करतो, आणि बँक नंतर त्यांतली काही नमुन्यादाखल काढून तपासते. एकाला पूर्वपरीक्षण म्हणतात, दुसऱ्याला पश्चात परीक्षण. गोव्यात २००७ मध्ये पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी जपानी कर्ज आले, तेव्हाही काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानेच केले. रोजचे निर्णय टोकियोहून येत नव्हते. आपल्याकडची अडचण अशी की लहान पंचायतीच्या लहान खर्चालाही आपण पूर्वपरीक्षण लावतो आणि पश्चात परीक्षण वर्षानुवर्षे मागे पडलेले असते.

परदेशी मदत वाटणाऱ्या अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. तिची ताकद देशोदेशीच्या कार्यालयांत होती. तिथला संचालक त्या देशात राहायचा, तिथल्या खात्यांशी बोलायचा, बऱ्याच करारांवर स्वतः सही करू शकायचा. २००६ मध्ये परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राईस यांनी परदेशी मदतीसाठी आपल्या खात्यात स्वतंत्र संचालकपद निर्माण केले. कोणत्या देशात काय करायचे आणि काय मोजायचे याची एकच चौकट वॉशिंग्टनहून लावली गेली. हेतू वाईट नव्हता. अमेरिकी संसदेला दरवर्षी आकडे हवे असतात, आणि साठ-सत्तर देशांचे आकडे एका तक्त्यात बसवायचे तर चौकट लागतेच. पण २००१ ते २००६ या काळात याच संस्थेचे प्रमुख असलेले अँड्र्यू नॅट्सियोस यांनी पुढे स्पष्ट मांडले की जे कार्यक्रम सहज मोजता येतात ते बहुधा सर्वांत कमी बदल घडवतात, आणि खरा बदल घडवणारे मोजायला सर्वांत अवघड असतात.

मी हे नेपाळच्या डोंगरात पाहिले. आमच्या प्रकल्पाच्या अहवालात रकाना होता 'बसवलेले नळ'. तिथला तरुण अभियंता सांगत होता की आधी वरचा झरा राखूया, पाणलोटात चर खणूया, नाहीतर चैत्रात नळ कोरडे पडतील. त्याचे म्हणणे कोणी खोडले नाही. फक्त झऱ्याला रकाना नव्हता, आणि नळांचे पैसे झऱ्याकडे वळवायचा अधिकार त्याला नव्हता. नळ ठरल्याप्रमाणे बसले, अहवाल उत्तम गेला, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बायका पुन्हा कळशा घेऊन खाली ओढ्यावर.

तरी केंद्रीय नियंत्रण नेहमी फसते असा निष्कर्ष काढू नका, कारण तो चुकेल. २००३ मध्ये सुरू झालेला अमेरिकेचा एड्सविरोधी कार्यक्रम, पेपफार, वरून आखलेला आणि आकड्यांवर चालणारा होता, आणि त्याने लक्षावधी माणसे जगवली. किती रुग्णांना गोळ्या मिळतात हे मोजता येते, आणि गोळी केनियात वेगळी, झांबियात वेगळी नसते. आपला पल्स पोलिओही तसाच. तारीख देशभर एक, लस एक, बोटावरची शाईची खूण एक. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही. तिथेही कोणत्या वाड्यावर कोण जाणार, वीटभट्टीवरची मुले कोण गाठणार, हे खालच्या लोकांनीच ठरवले होते. काम सगळीकडे सारखे असेल आणि मोजता येत असेल, तर वरून चालवायला हरकत नाही. गटार तसे काम नाही. तुमच्या वाड्यावर पाणी कुठून उतरते हे पणजीला कळत नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही कोणी करू नये.

केंद्राच्या एका हातात सगळे असले की काय होते याचे अलीकडचे उदाहरण तर सगळ्यांनी पाहिले. २० जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये एक आदेश निघाला आणि परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवण्यात आली. पाठोपाठ देशोदेशी 'काम बंद'ची पत्रे गेली. १ जुलै २०२५ला यूएसएडचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्यात विलीन झाले. ते धोरण बरोबर की चूक यात मी इथे जात नाही. माझ्यासारख्याला टोचते ते एवढेच, की कोणते काम मध्येच थांबवले तर माणसे मरतील आणि कोणते महिनाभर थांबले तर बिघडणार नाही, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्या हातात तो फरक करण्याची सहीच उरली नव्हती.

भारत स्वतः मदत देतो तेव्हा काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. नेपाळमध्ये २००३ पासून आपला दूतावास शाळा, आरोग्य केंद्रे, पिण्याचे पाणी अशी लहान कामे करतो. एका कामाची मर्यादा पुढे पाच कोटी आणि २०२४ मध्ये वीस कोटी नेपाळी रुपयांपर्यंत गेली. निविदा तिथली स्थानिक संस्था काढते, काम तीच करून घेते, आपण हप्त्याहप्त्याने पैसे देतो आणि जाऊन पाहतो. नेपाळमधल्या पालिकेवर आपण जेवढा विश्वास टाकतो, तेवढा सत्तरीतल्या पंचायतीवर टाकायला काय हरकत आहे, हा प्रश्न तुम्ही खुशाल विचारा. मीही विचारला आहे.

आता गळतीचा मुद्दा, जो तुमच्या तोंडावर फेकला गेला. राजीव गांधींनी १९८५ मध्ये रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात असे म्हटले, ते आजही सांगितले जाते. पण लक्षात घ्या, ते पैसे दिल्लीहून निघून खाली येताना वाटेत गळत होते. गावाने ठरवून खर्च केलेल्या पैशांबद्दल ते विधान नव्हते. युगांडाचा अनुभव याला जोडून सांगतो. १९९०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथे केंद्राने शाळांसाठी पाठवलेल्या दरडोई अनुदानातले सरासरी जेमतेम १३ टक्के शाळेपर्यंत पोचत होते. रित्वा रायनिक्का आणि याकोब स्वेन्सन यांनी हे मोजून दाखवले. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळेच्या दारावर रक्कम लावायला सांगितली. काही वर्षांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. परवानगीचा एकही नवा टप्पा त्यासाठी वाढवावा लागला नाही.

दुसरा पुरावा तुम्हाला थोडा बोचेल, तरी सांगतोच. इंडोनेशियात गावांना थेट पैसे देऊन रस्ते बांधण्याचा मोठा कार्यक्रम होता. बेंजामिन ओल्केन यांनी जावामधल्या ६०० हून अधिक गावांत अभ्यास केला. अभियंत्यांकडून रस्ता खणून खडी किती पडली हे मोजले आणि कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहिले. काही गावांना आधीच सांगितले की तुमचे लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी ते शंभरातल्या चार गावांचे व्हायचे. तिथे गायब होणारा पैसा सुमारे ८ टक्केबिंदूंनी घटला. इतर काही गावांत हिशेबाच्या सभेला जास्तीत जास्त लोक यावेत म्हणून आमंत्रणे वाटली. त्याने एकूण चोरी फारशी कमी झाली नाही. मजुरीतली घटली, कारण आपली मजुरी बुडाली की माणूस सभेत उभा राहून ओरडतो. खडी कमी पडली म्हणून कोण ओरडणार?

म्हणून पंच म्हणून तुम्ही हे मान्य करायला हवे: ग्रामसभा भरली, हात वर झाले, एवढ्याने हिशेब चोख राहत नाही. बाहेरचा लेखापरीक्षक हवा, तो नक्की येणार हे ठाऊक हवे, आणि त्याचा अहवाल सगळ्यांपुढे वाचला जायला हवा. अधिकार मागताना हे स्वतःहून मागा. मी इतकी वर्षे ज्या फायली पाहिल्या त्यांत चोरी मान्यतेच्या शेऱ्यांनी अडल्याचे क्वचितच दिसले. अकरा सह्या असल्या की प्रत्येकाला वाटते, उरलेल्या दहांनी पाहिलेच असेल. अडते ते मोजमाप पुस्तिका घेऊन कोणीतरी कामावर जाऊन टेप लावला की.

इथे आपल्या राज्यघटनेतला एक शब्द सांगतो. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, आणि ते वाचून वाटते की सगळे पंचायतीला मिळाले. पण अनुच्छेद २४३-छ म्हणतो की राज्याचे विधिमंडळ पंचायतींना असे अधिकार देऊ 'शकेल'. दिलेच पाहिजेत असे तो म्हणत नाही. केरळने १९९६ मध्ये हा शब्द उदारपणे वाचला. योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना देऊन टाकला, तोही त्या 'सक्षम' होण्याची वाट न पाहता. प्रशिक्षण आणि हिशेबाची घडी पैशांबरोबरच बसवली. आपल्याकडे १९९४चा पंचायत राज कायदा आला, पण व्यवहारात पंचायतीच्या हातात राहिले ते घरपट्टी, बांधकाम परवाने, कचरा, दिवाबत्ती, पायवाटा आणि गटारे, तीही अर्धीच. गोव्याची लोकसंख्या २० लाखांच्या आत असल्यामुळे मधली तालुका पंचायत ठेवण्याची सक्ती आपल्यावर नाही, आणि ती आपल्याकडे नाहीही. त्यामुळे गाव आणि पणजी यांच्यामध्ये निवडून आलेले कोणी फारसे नसते. असतात ती कार्यालये.

पैसा येतो तोही बांधलेला. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानातली ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलेली होती. देशातल्या अनेक राज्यांत ते योग्यच असेल. गोव्यात नळाचे पाणी सरकारी खाते पुरवते, पंचायत नाही. मग विहीर, झर, पावसाचे पाणी अशा कामांत ती रक्कम बसवायची कसरत सचिवाने करायची, आणि शेजारी मोडलेल्या साकवाला पैसे नाहीत.

सगळेच खाली द्या असे मी म्हणणार नाही. नळाच्या पाण्याचेच घ्या. ओपा आणि साळावलीहून येणाऱ्या वाहिन्या कितीतरी गावांतून जातात. प्रत्येक पंचायतीने आपली झडप आपण फिरवायची म्हटले तर टोकाच्या गावाला थेंब मिळणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेले गोवा पहिले राज्य ठरले, त्यात पुरवठा एका हाताखाली असण्याचा वाटा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जमीन. नंतर तपासून दोषी ठरवता येते, पण कापलेला डोंगर परत उभा राहत नाही. जिथे चूक दुरुस्त होण्यासारखी नाही, तिथे आधीच परवानगी हवी, आणि ती दोन कुलपांची हवी: एक किल्ली गावाकडे, एक राज्याकडे. २००७ मध्ये लोकांच्या रेट्यामुळे जमीन वापराचा आधीचा प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला आणि '२०२१' नावाच्या नव्या आराखड्यासाठी नकाशे गावोगाव पाठवले गेले, तेव्हा माणसांनी आपापली देवराई, तळी, उतार बोट ठेवून दाखवले. पुढे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली एकेका भूखंडाचा वापराचा विभाग (झोन) पणजीतच बदलू लागला. त्या कलमाचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले. गंमत नाही, दुःख आहे की आपल्याकडे हे नेमके उलटे झाले आहे. गटारासाठी गाव पणजीला विचारते, आणि डोंगरासाठी पणजी गावाला विचारत नाही.

आता तुम्ही काय करायचे. 'आम्हाला अधिकार द्या' अशी ढोबळ मागणी करू नका, तिला ढोबळच उत्तर मिळते. रक्कम सांगा. अमुक रुपयांपर्यंतच्या दुरुस्तीला, नव्या बांधकामाला नव्हे, पंचायतीचा ठराव आणि तांत्रिक अंदाजपत्रक पुरेसे असावे. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिका, देयके आणि आधी-नंतरची छायाचित्रे पंचायतीच्या फलकावर लागावीत. आणि वर्षातून एकदा बाहेरचे लेखापरीक्षण नक्की व्हावे. हा ठराव ग्रामसभेत मांडा. मोजमापाचे काम ठेकेदाराच्या ओळखीच्या माणसाकडे जाणार नाही, हेही त्यातच लिहा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकाऱ्यांचे अधिकार आणि निर्णयाची पद्धत स्वतःहून जाहीर करायची असते. गटविकास कार्यालयाकडून ती आधी मागून घ्या. तुमच्या गटाराची फाईल ज्या टप्प्यांतून फिरते आहे, त्यांतले काही टप्पे कोणत्याही नियमात नाहीत आणि नुसत्या सवयीने पडले आहेत, असे तुम्हाला आढळले तर मला नवल वाटणार नाही.

आणि ती फाईल पाहायला मिळाली की प्रत्येक शेऱ्याची तारीख वहीत उतरवून घ्या. त्यांतल्या किती जणांनी ते गटार प्रत्यक्ष पाहिले, हेही प्रत्येकापुढे लिहा. ते पान घेऊन गटविकास अधिकाऱ्यांना भेटा, आणि शेरे किती निघाले ते मलाही कळवा.